व्हिक्टोरियन लंडनच्या शौकाच्या घोडागाड्या : कोण कशात बसायचं आणि का

सांजफेरी (धागाकर्ती)

मे ते जुलै हा लंडनचा 'सीझन'. पार्लमेंट चालू, सरदार-उमराव आपापल्या जहागिरी सोडून शहरातल्या घरी आलेले, आणि लग्नाच्या वयाच्या मुली असलेल्या आया प्रचंड कामात. या दिवसांत संध्याकाळी पाच ते सातच्या सुमारास हाइड पार्कात गाड्यांची अशी दाटी व्हायची की घोड्यांना धड चाल धरता येत नसे. त्यातल्या कुणालाच कुठे पोचायचं नसायचं. हाइड पार्क कॉर्नरला आत शिरायचं, दक्षिणेकडच्या रस्त्याने रमतगमत जायचं, वळायचं, परत यायचं. समोरून ओळखीची गाडी आली की मान किती झुकवायची, की झुकवायचीच नाही, यात सगळा खेळ. शेजारचा रॉटन रो हा मऊ मातीचा रस्ता फक्त घोडेस्वारांचा. त्यावरून गाडी हाकायचा मान राजघराण्याखेरीज एकट्या ड्यूक ऑफ सेंट अल्बन्सचा, कारण राजाचे बहिरी ससाणे सांभाळायचं वंशपरंपरागत पद त्याच्या घराण्याकडे! भाड्याच्या कॅबला तर पार्कात मज्जावच होता.

त्या काळच्या वरच्या वर्गाची गाडी नुसती वाहन म्हणून बघितली तर तिच्यातलं निम्मं कळतच नाही. आपण किती घोडे आणि किती माणसं बिनकामाची पोसू शकतो, याची ती रस्त्यावरून फिरणारी जाहिरात होती. म्हणून प्रत्येक गाडीत सोय कमी ठेवून ऐट कुठे वाढवली आहे ते बघायला मजा येते.

सगळ्यात मानाची उन्हाळी गाडी म्हणजे बरूश. उघडी, समोरासमोर दोन आसनं, दोन मोठे उमदे घोडे, पुढे उंच बैठकीवर कोचमन (गाडी हाकणारा), त्याच्या शेजारी फुटमन (गणवेशातला नोकर). टप फक्त मागच्या आसनापुरता. पाऊस आला की समोर बसलेले दोघे सरळ भिजणार, आणि गाव लंडन! थोडक्यात, ज्याच्याकडे बरूश आहे त्याच्याकडे पावसासाठी दुसरी बंद गाडी आहे हे सांगावं लागत नसे. लँडोचं तसं नाही. तिचे दोन टप पुढून-मागून येऊन मधोमध मिळतात, उघडी हवी तेव्हा उघडी, बंद हवी तेव्हा बंद. अतिशय शहाणी गाडी. एकच गाडी ठेवणं परवडणाऱ्या घराला ती सोयीची पडायची, आणि शाही मिरवणुकांतही ती आजतागायत टिकून आहे.

व्हिक्टोरिया जरा उशिराची. प्रिन्स ऑफ वेल्सने १८६९ मध्ये पॅरिसहून एक मागवली आणि मग लंडनमध्ये तिचं पेव फुटलं. ठेंगणी, दारं नाहीत, दोघांपुरतं आसन, मागे घडीचा टप. दार नसल्यामुळे बसलेल्या बाईचा पोशाख टोपीपासून बुटापर्यंत रस्त्यावरच्या माणसाला दिसायचा. शिंप्याच्या बिलाचं चीज व्हायचं ते इथे.

आणि ब्रूम! ही माझी सगळ्यात आवडती, कारण यातली एकटीच खरी कामाची. हेन्री ब्रूम हे माजी लॉर्ड चॅन्सेलर. त्यांना शहरात फिरायला लहान, बंद, एका घोड्याची आणि रस्त्यावरून सहज पाऊल टाकून आत शिरता येईल अशी गाडी हवी होती. माउंट स्ट्रीटवरच्या रॉबिन्सन अँड कुक यांनी १८३८ मध्ये ती बनवून दिली. त्याआधी घरची बंद गाडी म्हणजे उंच धूड. फुटमनने उतरून घडीच्या पायऱ्या खाली सोडल्याशिवाय मालकिणीला पाय खाली टाकता यायचा नाही. ब्रूमला एक माणूस, एक घोडा पुरे. थोड्याच वर्षांत खासदार, बँकर, डॉक्टर सगळे ब्रूममध्ये. डॉक्टरांची तर ती ओळखच झाली. (अवांतर: फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कान (Cannes) हे गाव श्रीमंतांचं हवा खायचं ठिकाण झालं तेही याच ब्रूमसाहेबांमुळे. तिथे त्यांचा पुतळा आहे.)

फेटनबद्दल आणि चार घोड्यांच्या ड्रॅगबद्दल प्रतिसादांत लिहीन, इथे फार लांबेल. ज्यांना या विषयात गती आहे त्यांनी भर घालावी.

मेथीची_जुडी

मस्त धागा! एक शंका. या सगळ्या गाड्यांत बाई म्हणजे नटूनथटून बसलेली बाहुली. स्वतः लगाम हातात घेऊन हाकणाऱ्या बायका नव्हत्या का?

सांजफेरी

होत्या, आणि झोकात हाकायच्या. त्यासाठीच फेटन. फेटन ही मुळात मालकाने स्वतः हाकायची चारचाकी गाडी, कोचमनला तिच्यात जागाच नाही. पुरुषांची मेल फेटन थोराड आणि जड. बायकांची पार्क फेटन ठेंगणी, नाजूक वळणाची, पुढे दोन पोनी. पण बाई एकटी गेली असं दिसता कामा नये, म्हणून मागे छोट्या आसनावर ग्रूम (घोड्यांची देखभाल करणारा नोकर) बसवलेला, पाठ ताठ आणि हाताची घडी घातलेली. त्याला काम काहीच नाही. गाडी थांबली की उडी मारून घोड्यांच्या तोंडाशी उभं राहायचं, बस्स.

या प्रकारात सगळ्यात गाजली ती कॅथरीन वॉल्टर्स, टोपणनाव 'स्किटल्स'. लिव्हरपूलच्या गरीब घरातली मुलगी, मोठमोठ्या लोकांची मैत्रीण (काय ते समजून घ्या), आणि घोड्यांवर हात असा की भल्याभल्या उमरावांनी तोंडात बोटं घालावीत. १८६२ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. त्या वर्षी जुलैत 'द टाइम्स'मध्ये एक खवचट पत्र छापून आलं. एक अनामिका आपल्या सुरेख पोनी जुंपून पार्कात येते, तिला बघायला झाडून सगळ्या प्रतिष्ठित गाड्या खोळंबतात, आणि प्रदर्शनाला निघालेल्या लोकांना वाट मिळत नाही, असा त्याचा रोख. नाव न घेता अख्ख्या लंडनला कळलं कोण ते. तिच्या टोपीची, कोटाची, पोनींची नक्कल खानदानी बायका करायला लागल्या. त्यांच्या दिवाणखान्यात तिला पाय ठेवता आला नसता, पण रस्त्यावर तिची चाल उचलायची, हा दांभिकपणा मला फार व्हिक्टोरियन वाटतो. ती गेली १९२० मध्ये, म्हणजे मोटारींचा जमाना बघून.

कणा_आणि_धाव

आमचं घर पिढीजात सुताराचं. बैलगाडीची चाकं करायची आणि लोहाराबरोबर धाव (चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा) चढवायची. त्यामुळे माझी नजर आधी खाली जाते.

इंग्लिश गाडीच्या चाकात तुंबा (मधला गोळा) एल्म लाकडाचा, कारण एल्मच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. आऱ्यांसाठी इतकी भोकं पाडून घणाने आरे ठोकले तरी तो उकलत नाही. आरे ओकचे, भार सोसायला. वरचे पुठ्ठे (गोल कडेचे तुकडे) अ‍ॅशचे, कारण अ‍ॅश चिवट आणि लवचिक. आपल्याकडे हे सगळं बाभळीवर भागायचं. त्यावर लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, हे मात्र इथून तिथून सारखंच. सांगाड्यालाही अ‍ॅश आणि बाजूच्या फळ्यांना महोगनी, कारण महोगनीवर रंग आरशासारखा बसतो.

खरी क्रांती स्प्रिंगमध्ये. आधी दोन कण्यांना जोडणारा एक लांब दांडा असायचा, त्याच्या टोकांना इंग्रजी सी अक्षरासारखे पोलादी स्प्रिंग, आणि त्यांना चामड्याच्या पट्ट्यांनी गाडीचा डबा टांगलेला. झुलत जाणार. १८०४ मध्ये ओबडाया एलियट नावाच्या कारागिराने लंबवर्तुळाकार पाटे-स्प्रिंगचं पेटंट घेतलं. ते कणा आणि डबा यांच्या मधोमध थेट बसतात, लांब दांड्याची गरजच संपली. गाडी हलकी झाली, खाली आली, पुढची चाकं डब्याखाली वळू लागली. धागाकर्तीने सांगितलेली ब्रूम या स्प्रिंगशिवाय होणं शक्य नव्हतं. त्यात मॅकअ‍ॅडमच्या पद्धतीने खडी दाबून केलेले रस्ते आले. नाहीतर असल्या नाजूक गाड्यांचे दोन महिन्यांत तीनतेरा वाजले असते.

मजा अशी की नवं तंत्र हाताशी असूनही दरबारी गाड्यांनी जुना लांब दांडा आणि सी-स्प्रिंग शतकभर सोडले नाहीत. महाग, जड, ठेवायला जागा जास्त, पण चाल डौलदार.

डेव्हनकरीण

@कणा_आणि_धाव, डौलदार चाल बसणाऱ्याला विचारा! बकिंगहॅम राजवाड्याच्या रॉयल म्यूजमध्ये (शाही तबेल्यात) १७६२ ची सोन्याची राजगाडी आहे, सुमारे चार टन वजन, ओढायला आठ घोडे, डबा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला. चौथा विल्यम आधी आरमारात होता, त्याला तिच्यात बसून खवळलेल्या समुद्रातल्या जहाजाची आठवण झाली. व्हिक्टोरिया राणीनेही तिच्या हेलकाव्यांबद्दल कुरकुर केलेली आहे.

इकडे डेव्हनमध्ये बार्नस्टेपलजवळ आर्लिंग्टन कोर्टला नॅशनल ट्रस्टचं गाड्यांचं संग्रहालय आहे, चाळीसहून जास्त गाड्या. कुणी इंग्लंडात येणार असेल तर लंडनमधली ठरलेली ठिकाणं थोडी कमी करा आणि इथे या. फोटोत कळत नाही ते एकच, आकार. ब्रूम प्रत्यक्षात फारच छोटी असते. दोन माणसं आणि एक रुंद घागरा, की संपली जागा.

बसायचेही नियम होते. घोड्यांकडे तोंड असलेलं आसन बायकांचं. पुरुषाने पाठ घोड्यांकडे करून समोर बसायचं, आणि उतरताना त्याने आधी उतरून हात द्यायचा. लग्न न झालेली मुलगी परक्या पुरुषाबरोबर बंद गाडीत? बोंबाबोंब. उघड्या गाडीत त्याच दोघांना चालून जायचं.

खवचट_काका

चालू द्या. आमच्या घामावर ज्यांनी चैन केली त्यांच्या गाडीच्या स्प्रिंगला आपण दीडशे वर्षांनी ओवाळतोय. पैसा कुठून यायचा त्याबद्दल एक ओळ नाही. कोचमनला काय मिळत होतं तेवढं तरी सांगा.

सांजफेरी

काका, रास्त प्रश्न. पैसा जमिनीच्या खंडातून, कोळशाच्या खाणींतून, गिरण्यांतून, हिंदुस्थानातून आणि कॅरिबियन मळ्यांतून. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवली तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मळेवाल्या मालकांना, राबणाऱ्यांना दमडी नाही. त्यातल्या काही पौंडांची चाकं झाली असणारच.

आता पगार. इसाबेला बीटनच्या १८६१ च्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात नोकरांचे वार्षिक दर दिले आहेत. गणवेश मालकाचा असेल तर कोचमनला २० ते ३५ पौंड, ग्रूमला १२ ते २०, तबेल्यातल्या पोराला ६ ते १२. आणि घोडा? १८९१ च्या 'अ स्कँडल इन बोहेमिया' या कथेत शेरलॉक होम्स खिडकीतून नुसती नजर टाकून राजाच्या ब्रूमच्या जोडीची किंमत करतो, घोड्यामागे दीडशे गिनी. गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा एक घोडा १५७ पौंड १० शिलिंगांचा. कथा आहे आणि मध्ये तीस वर्षं गेली आहेत हे मान्य, पण मोजून बघा. कोचमनचा वरचा पगार धरला तरी साडेचार वर्षं राबून तो हाकत असलेल्या जोडीतला एक घोडा येतो.

फुटमनचा पगार तर चक्क उंचीवर. चार्ल्स बूथने शतकाच्या शेवटी लंडनच्या कामकऱ्यांची जी पाहणी केली, तिच्यात हे नोंदलंय. दुय्यम फुटमन पाच फूट सहा इंचांचा असेल तर २०-२२ पौंड, पाच फूट दहाच्या वरचा २८-३० च्या खाली यायला तयार नाही. दरबारी गाडीच्या मागे दोघे उभे राहणार, ते एका उंचीचे हवेत ना! घोड्यांची जोडी जमवतात तशी माणसांची जोडी. मोठ्या घरांत त्यांच्या केसांना पावडर लावायची पद्धत कितीतरी वर्षं टिकली.

सरकारही या ऐटीवर कर लावून घेत होतं. १८६९ च्या दरांप्रमाणे मोठ्या चारचाकी गाडीवर वर्षाला २ पौंड २ शिलिंग, दर पुरुष नोकरामागे १५ शिलिंग, दर घोड्यामागे साडेदहा शिलिंग. घराण्याचं चिन्ह वापरायचं तर १ पौंड १ शिलिंग, पण तेच गाडीच्या दारावर रंगवलंत तर दुप्पट. चिन्ह मिरवण्याचा दर दुप्पट ठेवणाऱ्या कारकुनाला माणसाचा स्वभाव चांगला कळला होता.

खवचट_काका

हे आवडलं. आपल्याकडे गाडीच्या काचेवर 'आबासाहेबांची कृपा' लिहिणाऱ्यांना हा कर लावा, राज्याची तूट भरून निघेल.

लगाम_सैल_सोडा

सगळे गाडी आणि माणसांबद्दल बोलताय, घोड्याबद्दल कुणी नाही. थोडं कडू लिहिते.

बग्गीला जोडी हवी तर एकाच रंगाची, एकाच उंचीची, एका लयीत पाय उचलणारी. इंग्लंडात त्यासाठी क्लीव्हलँड बे आणि यॉर्कशायर कोच हॉर्स या जाती होत्या, लहान गाड्यांना हॅकनी. इथपर्यंत ठीक. पण घोड्याची मान कायम ताठ, उंच दिसली पाहिजे ही फॅशन. त्यासाठी तोंडातल्या कडीपासून एक आखूड दोरी डोक्यावरून पाठीवरच्या सामानाला अडकवायची, बेअरिंग रेन. ती आवळली की घोड्याला मान खाली घालताच येत नाही. चढावर ओढताना घोडा स्वभावतः मान खाली घालून खांद्याने जोर लावतो. ते बंद केलं की श्वास कोंडतो, तोंडाला फेस येतो, मानेचे स्नायू आखडतात. आणि तो फेस, ती तडफड बघणाऱ्याला 'तेजी' वाटायची! दुकानासमोर बाईसाहेब तासभर रिबिनी बघणार, बाहेर जोडी तशीच मान ताणून उभी.

याविरुद्ध एडवर्ड फ्लॉवरने १८७५ मध्ये लिहिलं. १८७७ मध्ये अ‍ॅना स्यूएलची 'ब्लॅक ब्यूटी' आली. आज ती मुलांच्या कपाटात असते, पण मुळात लिहिली होती ती घोडे हाताळणाऱ्या माणसांसाठी. स्यूएल स्वतः लहानपणी पाय दुखावल्यामुळे नीट चालू शकत नसे, तिची सगळी हिंडफिर घोडागाडीतूनच झाली. पुस्तक आल्यावर काही महिन्यांतच ती वारली. तिच्या अंत्ययात्रेला आलेल्या घोड्यांच्या बेअरिंग रेन तिच्या आईने काढायला लावल्या असं सांगतात.

शेपटी छाटायची फॅशन याहून वाईट. लगामात अडकू नये हे निमित्त. त्यावर ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी आली ती १९४९ ला, म्हणजे शेपटीने माशी हाकलणारे घोडे रस्त्यावरून जवळजवळ संपल्यावर.

मेथीची_जुडी

बापरे. मालिकांमध्ये त्या ताठ मानांच्या जोड्या बघून 'काय रुबाब!' म्हणायचे मी. आता नाही म्हणवणार.

गिरगावचा_गणू

आमच्या मुंबईची व्हिक्टोरिया विसरलात की काय मंडळी! तिकडे बाईसाहेबांची पार्कात मिरवायची गाडी, इकडे तीच नाक्यावर उभी राहणारी भाड्याची गाडी झाली. कोचमनशी घासाघीस करून आख्खं बिऱ्हाड तिच्यात कोंबलं जायचं. शेवटी शेवटी तर चंदेरी पत्रा ठोकलेल्या, दिव्यांच्या माळा लावलेल्या, गेटवे आणि नरिमन पॉइंटला पर्यटकांना फिरवणाऱ्या तेवढ्या उरल्या. घोड्यांचे हाल बघून प्राणिमित्र कोर्टात गेले आणि २०१५ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने या हौशीच्या फेऱ्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या. वरचा लगामवाला प्रतिसाद वाचून पटतं. तरी त्या गाडीवानांचं पोट होतं त्याच्यावर, हेही खरं. आमची आजी 'फिटन' म्हणायची ती हीच धाग्यातली फेटन ना?

सांजफेरी

होय गणूशेठ, तीच. पण आजीच्या तोंडी कुठलीही ऐटबाज उघडी घोडागाडी फिटनच असणार.

जुना_पापी

एवढे घोडे म्हणजे लीद किती! 'द टाइम्स'ने १८९४ मध्ये भाकीत केलं होतं ना, की पन्नास वर्षांत लंडनचे रस्ते नऊ फूट लिदीखाली गाडले जातील? दरवेळी व्यवस्थापनाच्या व्याख्यानात ऐकतो.

डेव्हनकरीण

ऐकता खरं, पण तसा लेख कुणालाच सापडलेला नाही. 'द टाइम्स'नेही आपल्याकडे असं काही छापून आल्याचं नाकारलंय. गोष्ट छान आहे, म्हणून फिरते.

लीद मात्र खरी. १८९० च्या दशकात डब्ल्यू. जे. गॉर्डनने लंडनच्या घोड्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात शहरातले घोडे तीन लाखांच्या घरात धरले आहेत. बसचे, कॅबचे, कोळशाचे, दारूच्या पिंपांचे. धाग्यातले शौकीन घोडे त्यात मूठभर. रस्ता ओलांडायचा तर झाडूवाली पोरं पेनी घेऊन पुढे वाट झाडत जायची. आणि आवाज! दगडी फरशीवर लोखंडी धावा. श्रीमंताच्या घरात कुणी आजारी असलं की दारापुढच्या रस्त्यावर गवताचा थर पसरायचे, चाकांचा खडखडाट कमी व्हावा म्हणून.

कणा_आणि_धाव

आवाजावरून आठवलं. रबरी धावांच्या कॅब लंडनमध्ये लोकप्रिय करण्यात अर्ल ऑफ श्रूजबरीचा मोठा हात. चक्क उमरावाची कॅब कंपनी, १८८० च्या दशकात. गाड्या इतक्या बिनआवाजी की पायी चालणाऱ्यांना कळावं म्हणून घंटा लावाव्या लागल्या. पुढे याच श्रूजबरीने टॅलबॉट मोटारीच्या धंद्यात पैसे घातले.

सांजफेरी

श्रूजबरीचं नाव निघालंच आहे तर लॉन्सडेलची पैज सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्यू लाउदर, पाचवा अर्ल ऑफ लॉन्सडेल, पिवळ्या रंगाचं वेड. गाड्या पिवळ्या, नोकरांचे गणवेश पिवळे. १८९१ मध्ये त्याची आणि श्रूजबरीची पैज लागली. २० मैल गाडी हाकायची, पाच-पाच मैलांचे चार टप्पे. पहिला एका घोड्याने, दुसरा जोडीने, तिसरा चौकडीने, आणि चौथा पोस्टिलियन पद्धतीने, म्हणजे जुंपलेल्या घोड्यावरच स्वार होऊन. दर टप्प्याला गाडी आणि घोडे बदलायचे. मार्चमधला दिवस, आदल्या रात्रीचं बर्फ रस्त्यावरून हटवावं लागलं. ऐनवेळी श्रूजबरी आलाच नाही. लॉन्सडेल म्हणाला, मग घड्याळाशी लावतो, आणि रायगेट-क्रॉलीच्या रस्त्यावर एकट्याने तासाच्या आत वीस मैल मारले. शेवटच्या टप्प्याला उतरून घोड्यावर उडी मारेपर्यंत गेलेला वेळही त्यातच. फालतू पैज, पण कसब खरं.

चौकडी हाकणं हा या लोकांचा खास शौक. रेल्वेने टपालगाड्या बंद पाडल्या आणि मग त्याच धर्तीच्या खासगी ड्रॅग करून उमराव स्वतः कोचमनच्या जागी बसायला लागले. १८५६ मध्ये फोर-इन-हँड क्लब, १८७० च्या सुमारास कोचिंग क्लब. सीझनमध्ये पार्कात सगळे जमायचे. डाव्या हातात चार लगाम, उजव्यात चाबूक, टपावर मित्रमंडळी आणि खाण्याच्या टोपल्या. गंमत बघा, ज्या कामासाठी कोचमनला वर्षाला तीस पौंड, तेच काम करायला मिळावं म्हणून हे क्लबाची वर्गणी भरणार.

लंडनस्थ_लेले

एक गोष्ट राहिली. त्या पार्कातल्या चकचकीत गाड्यांपैकी किती मालकीच्या होत्या? जॉबमास्टर नावाचा मोठा धंदा होता. सीझनपुरती किंवा वर्षाच्या कराराने जोडी, हवा तर कोचमनही. घोडा लंगडला, मेला, तर बदली देण्याची जबाबदारी त्यांची. भलीभली घरं घोडे असे भाड्याने आणायची, कारण वर्षाला तीन महिने लंडनात राहायचं तर बाकीचे नऊ महिने चंदी कोण घालणार? दारावर आपलं चिन्ह आणि कोचमनच्या अंगावर आपला गणवेश असला की पार्कात कोण विचारतंय. पेकहॅमचा थॉमस टिलिंग यातला बडा. नंतर त्याच कंपनीने बस चालवल्या.

मी राहतो तो भाग जुन्या म्यूजचा. मोठ्या घरांच्या मागे अरुंद फरसबंद गल्ली, खाली तबेला आणि गाडीखाना, वर कोचमनचं कुटुंब. वास, माश्या, रात्री दोनला बॉलहून परतलेली जोडी मालिश करून झोपवायची. मालकांच्या दिवाणखान्याची खिडकी या बाजूला उघडणार नाही अशी घरांची रचना. आज याच तबेल्यांतल्या घरांच्या किमती ऐकल्या तर चक्कर येते.

मेथीची_जुडी

मोटारी आल्यावर या गाड्या बनवणाऱ्या कारागिरांचं काय झालं? बुडाले?

लंडनस्थ_लेले

पुष्कळ बुडाले, बडे तरले. सुरुवातीची मोटार म्हणजे इंजिन आणि चाकं एकाकडून घ्यायची आणि वरचा डबा गाडी-कारागिराकडून करून घ्यायचा. हूपर आणि बार्कर, दोघेही घोडागाड्यांच्या काळातले नामांकित, पुढे रोल्स-रॉइसचे डबे बनवत होते. तोच अ‍ॅशचा सांगाडा, त्याच रंगाच्या थरावर थर, तीच नावं : ब्रूम, लँडोलेट, कॅब्रिओले.

आणि मालक बसायचा तो भाग काचबंद, गादीदार. चालवणारा मात्र पुढे उघड्यावरच. इंजिनाला मान ताणायची नव्हती की लगाम धरायचे नव्हते, छप्पर दोन फूट पुढे ओढायला काही अडचण नव्हती. तरी कितीतरी वर्षं शोफर पावसात भिजत गाडी चालवत होता, कारण कोचमन तसाच भिजायचा.